नायगारा बघून झाला असेल तर हे वाचा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मुलांकडे कॅनडाला जाणाऱ्या आईवडिलांनी तिकडे काय काय बघावं असा एक लेख तुमच्या रविवारच्या पुरवणीत आला होता, आमच्या खडकीच्या शेजारणीने त्याचा फोटो काढून मला व्हॉट्सॲपवर पाठवला, वाचून दोन दिवस गप्प बसले पण आज काही राहवलं नाही म्हणून लिहितेय. लेख वाईट नव्हता, तसं म्हणत नाही मी. पण तेच ते हो! नायगारा, सीएन टॉवर, थाउजंड आयलंड्स, मंदिर, मॉल आणि परत नायगारा. मी स्वतः नायगारा पाच वेळा बघितलाय, कारण पुण्याहून जो कोणी येतो त्याला तिकडे न्यायचंच असतं आणि गाडीत एक सीट उरली की त्यात आजीला बसवतात. पाचव्या वेळी मी गाडीतून उतरलेच नाही, बसल्या बसल्या स्वेटरची एक बाही विणून काढली. आणि एवढ्या मोठ्या लेखात हॉकी हा शब्द एकदाही नाही! पंढरपूरवर लेख लिहावा आणि विठोबाचं नावच घेऊ नये तसं झालं हे.

आता मी कोण सांगणारी, तर मी निवृत्त प्राथमिक शिक्षिका, वय ६७, राहणार खडकी, आणि गेली काही वर्षं निम्मं वर्ष मिसिसागाला लेकीकडे. खडकीची म्हटल्यावर हॉकी काय मला नवीन नाही. धनराज पिल्ले आमच्या खडकीचा, चार ऑलिंपिक खेळला, त्याच्याही आधीपासून आमच्याकडे गल्लीगल्लीत पोरं काठ्या घेऊन पळायची. माझा मोठा भाऊ बापूदादा त्यातलाच एक, मोठा प्लेअर वगैरे झाला नाही पण गुडघे मात्र मोठ्या प्लेअरसारखे फोडून घेतले. त्यामुळे जावई पहिल्यांदा टीव्ही लावून म्हणाला की आई हॉकी बघू या, तेव्हा मी चहा घेऊन उत्साहाने बसले आणि बघते तर काय, बर्फावर दहा माणसं एकमेकांना भिंतीवर आपटतायत आणि बॉल कुठे दिसतच नाही. बॉल नसतोच म्हणे, काळी रबराची चकती असते तिला पक म्हणतात. मला तो पक दिसायला अख्खी एक हिवाळी ट्रिप गेली, खोटं कशाला सांगू.

शेजारचे पंजाबी काका त्यांच्या भाषेतली कॉमेंट्री लावून बसायचे, हो, इथे २००८ पासून हॉकीची पंजाबीत कॉमेंट्री होते, हरनारायण सिंग नावाचा मुलगा तर त्या कॉमेंट्रीमुळे देशभर फेमस झाला, तर मी त्यांच्याकडे बसून पंजाबीतून हॉकी शिकले. मराठीत कोण करणार कॉमेंट्री, आपण अजून नायगाऱ्याच्या रांगेत उभे आहोत.

मुद्द्यावर येते. टोरांटोची टीम म्हणजे मेपल लीफ्स. तिची मॅच स्टेडियममध्ये जाऊन बघायची म्हटली तर तिकिटाचा आकडा ऐकून जावई म्हणाला, आई त्यापेक्षा तुम्हाला एक चक्कर पुण्याला मारून आणतो. आणि एवढे पैसे देऊन बघायचं काय, तर १९६७ नंतर एकदाही इथल्या मोठ्या लीगचा कप न जिंकलेली टीम. मी पण नाद सोडला. आजपर्यंत मी लीफ्सची एकही मॅच प्रत्यक्ष बघितलेली नाही, तरी मी पक्की फॅन आहे आणि माझं म्हणणं एवढंच आहे की या देशात हॉकीचा फॅन व्हायला मॅचचं तिकीट लागतच नाही. मॅचच्या बाहेर इतकं काही असतं की आमच्यासारख्या गुडघेदुखीवाल्यांचा, इंग्लिश अडखळत बोलणाऱ्यांचा आणि डॉलरला रुपयांनी गुणणाऱ्यांचा सुद्धा सीझन मजेत जातो.

सगळ्यात आधी हॉकी हॉल ऑफ फेम. टोरांटो डाउनटाउनला यंग आणि फ्रंट स्ट्रीटच्या कोपऱ्यावर. युनियन स्टेशनला उतरलात की जमिनीखालून आतल्या आतच जाता येतं, बाहेरच्या थंडीत एक पाऊल टाकायला नको, हे आपल्या वयाच्या लोकांनी लिहून ठेवा. इमारतीचा एक भाग म्हणजे १८८५ ची जुनी बँक आहे, बँक ऑफ मॉन्ट्रियलची, आत वर रंगीत काचांचा घुमट, मान दुखेपर्यंत बघत राहावं असा. १९९३ पासून हॉल ऑफ फेम इथे आहे. बँकेत पूर्वी काम करणाऱ्या एका बाईचं भूत तिथे फिरतं असंही म्हणतात, नातीने हे मुद्दाम मला बाथरूममध्ये एकटी असताना दाराबाहेरून सांगितलं.

आणि तिथे तो कप. स्टॅनली कप. लॉर्ड स्टॅनली नावाचा गव्हर्नर जनरल होता इथे, त्याने १८९२ मध्ये दिलेला, मूळचं नुसतं चांदीचं एक भांडं, दहा गिनीला घेतलेलं. गंमत म्हणजे ज्याने कप दिला तो लगेच पुढच्या वर्षी इंग्लंडला परत गेला आणि त्या कपाची एकही मॅच त्याने कधी बघितली नाही. म्हणजे माझ्यासारखाच की! त्याची मुलगी इझोबेल मात्र स्वतः हॉकी खेळायची, त्या काळात, लांब झगा घालून. ते मूळ भांडं आता तिजोरीच्या खोलीत ठेवलंय आणि जो मोठा कप सगळीकडे दिसतो तो जवळजवळ साडेपंधरा किलोचा, तीन फुटाला थोडासा कमी. जिंकलेल्या टीममधल्या प्रत्येक प्लेअरला तो एकेक दिवस घरी न्यायला मिळतो, सोबत पांढरे हातमोजे घातलेला एक माणूस राखणीला. घरी नेऊन लोक काय वाट्टेल ते करतात त्याचं, एकाने त्यात पोरीचा बाप्तिस्मा केला, एकदा तर रेसच्या घोड्याला त्यात खायला घातलं. घोड्याला! आमच्याकडे देवाच्या तांब्याला पारोशाने हात लावला तर आई ओरडायची.

कपावर जिंकलेल्या प्रत्येक टीमची आणि प्लेअरची नावं ठोकून कोरलेली असतात. आता मी आयुष्यभर पोरांचं शुद्धलेखन तपासलंय, माझी नजर दुसरीकडे जाणार कुठे. १९७२ च्या टीमचं नाव बघा, बॉस्टनच्या स्पेलिंगमध्ये ओच्या जागी दोन्ही वेळा क्यू कोरलाय. १९८१ च्या आयलंडर्समधला एस गायब. १९८४ मध्ये एडमंटनच्या टीमच्या मालकाने गुपचूप आपल्या वडिलांचं नाव घुसवलं, ते नंतर लीगने एक्स एक्स एक्स मारून खोडलं, ती खाडाखोड तशीच आहे. आणि १९६३ ला खुद्द टोरांटोच्या टीमचं नाव चुकवलंय, लीफ्समधल्या एफच्या जागी ई, पण तो पट्टा आता कपावरून काढून तिजोरीत ठेवलाय, कारण खालचा पट्टा भरला की वरचा जुना काढतात आणि नवीन बसवतात. मी नातीला म्हटलं बघ, चांदीवर कोरताना सुद्धा चुका होतात, तर ती म्हणाली मग माझ्या मराठीच्या वहीत का एवढे लाल गोल करतेस. बोलती बंद.

कपाला हात लावू देतात, उचलायचा मात्र नाही. (कप बाहेरगावी गेला असेल तर तिथे त्याची प्रतिकृती असते, आधी चौकशी करून जा.) मी दोन्ही हात लावले, थंडगार, आपल्या पितळी घागरीसारखा पण गुळगुळीत नाही, सगळीकडे ती अक्षरं बोटांना लागतात. नात मात्र हात मागे बांधून उभी. म्हटलं काय गं, लाव की. तर म्हणाली आजी, जे खेळतात ते जिंकल्याशिवाय हात लावत नाहीत, नाहीतर कधीच मिळत नाही. अकरा वर्षांची आहे, गोली म्हणजे गोलकीपर आहे तिच्या टीमची, मुलींच्या लीगचा कप पण वेगळा आहे हे तिलाही माहितीय. तरी नाही लावला. मी काही बोलले नाही, फोटोत मी कपाला मिठी मारून आणि ती बाजूला पोलिसासारखी.

आत खेळायच्या पण जागा आहेत, स्क्रीनवरच्या गोलीवर पक मारायचा, नाहीतर आपण गोली व्हायचं, कॉमेंट्री करून बघायची, मॉन्ट्रियलच्या टीमची ड्रेसिंग रूम जशीच्या तशी केलीय. बायकांना हॉल ऑफ फेममध्ये घ्यायला यांना २०१० उजाडलं, अँजेला जेम्स आणि कॅमी ग्रनाटो या पहिल्या दोघी, अँजेला तर टोरांटोचीच. त्या भिंतीपाशी नात बराच वेळ होती. मी तेवढ्यात बाक शोधून टेकले.

दुसरी जागा तर कुठल्याच गाईडच्या यादीत नसते आणि मला ती सगळ्यात जास्त आवडते. कार्लटन स्ट्रीटवर मेपल लीफ गार्डन्स म्हणून लीफ्सचं जुनं स्टेडियम होतं, १९३१ ला पाच-सहा महिन्यांत बांधून काढलेलं, १९९९ पर्यंत टीम तिथे खेळली. आता तिथे खाली किराणाचं भलंमोठं दुकान आहे, लॉब्लॉज. २०११ ला उघडलं. मला आधी ऐकून वाईट वाटलं, म्हटलं पाडून टाकलं असतं तर बरं, देवळात भाजी विकतात का. पण जाऊन बघितलं तर बाहेरून इमारत तीच, आत भिंतीवर स्टेडियमच्या जुन्या निळ्या खुर्च्यांचंच मोठं मेपलचं पान केलंय, आणि सामानाच्या रांगांच्या मधे फरशीवर एक लाल ठिपका. तो म्हणजे मैदानाचा बरोब्बर मध्य, जिथे पक टाकून मॅच सुरू व्हायची. लोक त्याच्यावरून ट्रॉल्या नेत असतात. मी तिथे कोथिंबिरीची जुडी आणि दह्याचा डबा घेऊन उभी राहिले, लेकीने फोटो काढला, तेवढ्यात एक म्हातारा गोरा गृहस्थ थांबला आणि म्हणाला मी लहानपणी वडिलांबरोबर इथे अगदी वरच्या रांगेत बसायचो, आणि हात वर करून त्याने दाखवलं ती जागा, वर नुसते दिवे आणि पाइप दिसत होते. मग तो पाव घ्यायला गेला.

त्याच इमारतीत वर अजून बर्फाचं रिंक आहे, युनिव्हर्सिटीचं. बायकांची नवी प्रोफेशनल लीग सुरू झाली तिची पहिली मॅच १ जानेवारी २०२४ ला तिथेच झाली. टोरांटोच्या मुली न्यूयॉर्ककडून ४-० हरल्या, म्हणजे गावाची परंपरा राखली. त्या लीगची तिकिटं परवडतात, ते पण लिहून ठेवा.

बाकीचं भराभर सांगते. लीफ्सच्या आताच्या स्टेडियमबाहेर जुन्या प्लेअर्सचे ब्राँझचे चौदा पुतळे आहेत, फुकट, कधीही बघा. त्यात एक टिम हॉर्टन आहे, हो हो तोच, ज्याच्या नावाच्या दुकानात तुम्ही कॉफी पिता! तो हॉकी प्लेअर होता, १९६७ च्या त्या शेवटच्या कपाच्या टीममध्ये पण होता, १९६४ ला हॅमिल्टनमध्ये दुकान काढलं आणि १९७४ ला गाडीच्या अपघातात गेला. त्याच्या नावाने मुलांच्या कॅम्पची संस्था आहे, ज्या घरांना परवडत नाही तिथल्या मुलांना कॅम्पला नेतात, आणि वर्षातून एक दिवस कॅम्प डे असतो तेव्हा गरम कॉफीचे पैसे त्याला जातात. मी चहावाली, पण त्या दिवशी कॉफी पिते. आणि ब्रँटफर्ड म्हणून गाव आहे तासाभरावर, वेन ग्रेट्झकीचं, ९९ नंबरवाला, त्याच्या वडिलांनी परसात पाणी सोडून बर्फ करून त्याला शिकवलं. रस्त्याला त्याचं नाव, स्पोर्ट्स सेंटरला त्याचं नाव. ग्रॅहॅम बेलचं घर पण त्याच गावात आहे, म्हणजे फोन आणि ग्रेट्झकी एका चकरेत होतात.

आता चॅरिटीचं. हे जरा सविस्तर लिहिते कारण खरी मजा मला इथे आली.

डिसेंबरात इथल्या ज्युनिअर लीगच्या टीम्स एक मॅच ठेवतात तिला टेडी बेअर टॉस म्हणतात. प्रेक्षकांनी नवीन सॉफ्ट टॉय घेऊन यायचं, आणि घरच्या टीमने पहिला गोल मारला की सगळ्यांनी ते बर्फावर फेकायचं. मग मॅच थांबवतात, प्लेअर आणि व्हॉलंटियर सगळे मिळून गोळा करतात आणि नाताळासाठी हॉस्पिटलांना, गरजू मुलांना वाटतात. १९९३ ला कॅम्लूप्स नावाच्या गावात पहिल्यांदा झालं म्हणे. आता तर अमेरिकेत हर्शी म्हणून गाव आहे, तिथल्या टीमच्या मॅचला जानेवारी २०२५ मध्ये एका रात्रीत १ लाख २ हजार ३४३ खेळणी पडली. त्याचा व्हिडिओ बघा, बर्फच दिसत नाही, नुसता अस्वलांचा चिखल.

आम्ही गेलो ती मॅच छोटी होती, तिकीट आपल्या मल्टिप्लेक्सच्या दोन-तीन तिकिटांइतकं. मी विकतचं न घेता क्रोशाचा हत्ती विणला होता, राखाडी लोकरीचा, सोंड जरा वाकडी झाली होती पण डोळे छान आले होते. लेकीने तो प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून गाठ मारली, खेळणी ओली होऊ नयेत म्हणून तसंच आणायला सांगतात. आता सगळे खेळणं मांडीवर घेऊन बसलेत आणि गोल काही होत नाही. पहिला भाग संपला, शून्य. दुसरा अर्धा गेला, शून्य, उलट समोरच्यांनी एक मारला. माझ्या शेजारी एक चारेक वर्षांचा मुलगा होता त्याने तोपर्यंत आपल्या अस्वलाला नाव ठेवलं, पॉपकॉर्न भरवले, आणि आता काही तो फेकणार नाही हे मला दिसत होतंच. आणि एकदम गोल! अहो तो आवाज, सगळं स्टेडियम उठलं आणि वरून, मागून, बाजूने खेळण्यांचा पाऊस, डोक्यावर ससे पडतायत, पांडा पडतायत. मी लगोरी फेकल्यासारखा खालून हात फिरवून हत्ती फेकला. तो गेला तीन रांगा पुढे आणि एका टक्कल असलेल्या माणसाच्या डोक्यावर बसला. त्याने मागे वळून बघितलं, मी हात जोडले, त्याने हत्तीकडे बघितलं, हसला, आणि असा जोरात भिरकावला की थेट गोलीच्या जाळीपाशी. तिथल्या गोलीने तो उचलून हेल्मेटवर ठेवला आणि दोन सेकंद तसाच घसरत गेला. माझा हत्ती! त्या छोट्या मुलाने शेवटी अस्वल नाहीच फेकलं, त्याच्या बापाने बर्फावर वीस डॉलर फेकायचा विचार केला असावा पण मग जाऊन डब्यात टाकले.

त्याच मॅचला ५०-५० ची तिकिटं विकत होते. हे प्रत्येक मॅचला असतं, जमलेल्या पैशातले निम्मे ज्याचा नंबर लागेल त्याला आणि निम्मे चॅरिटीला. बापूदादाला फोनवर सांगितलं होतं तेव्हा तो म्हणाला अगं ही तर लॉटरी, मास्तरीणबाई लॉटरी खेळतात! म्हटलं निम्मी लॉटरी आणि निम्मं दान, आपल्याला आजवर दानच लागलंय.

उन्हाळ्यात... नाही, साधारण सीझन सुरू व्हायच्या सुमाराला, रस्त्यावरची हॉकी असते कॅन्सरसाठी, रोड हॉकी टू कॉन्कर कॅन्सर, टोरांटोच्या प्रिन्सेस मार्गारेट हॉस्पिटलसाठी, २०११ पासून. बर्फ नाही, स्केट्स नाहीत, बूट घालून डांबरावर खेळायचं, दिवसभर लागोपाठ मॅचेस. एकेका टीमने आधी पैसे गोळा करायचे. एका वर्षी जावयाच्या ऑफिसची टीम होती आणि त्याच्याकडून काही पैसे जमेनात, लाजतो मागायला. मग मी म्हटलं मागू नको, खायला घाल. एका शनिवारी घरी वडापाव केले, शेजारीपाजारी, मंडळातले लोक, पंजाबी काकांची सगळी फौज, आणि दाराशी नात टॅबलेट घेऊन उभी, आधी ऑनलाइन देणगी मग वडा. दुपारी तीनपर्यंत बटाटे संपले आणि टीमचा आकडा पूर्ण होऊन वर गेला. मॅचच्या दिवशी जावई चौथ्या मॅचला पाय मुरगळून बाकावर आला, मी त्याला हळद लावली, सगळी टीम पिवळा पाय बघून घाबरली.

इथले लोक या बाबतीत जरा वेडेच आहेत, चांगल्या अर्थाने. एडमंटनजवळ एका डॉक्टरच्या शेतावर चाळीस लोक मिळून जगातली सगळ्यात लांब हॉकी मॅच खेळतात, कॅन्सर रिसर्चसाठी पैसे जमवायला. फेब्रुवारी २०२१ मध्ये २५२ तास खेळले, उघड्यावर, पारा उणे चाळीसच्या आसपास, पाळीपाळीने झोपायचं आणि परत बर्फावर. साडेदहा दिवस! आमच्याकडे अखंड हरिनाम सप्ताह सात दिवसांत आटोपतो.

आणि हे सगळं आपल्याशी संबंध नाही असं समजू नका. लडाखमध्ये मुली गोठलेल्या तळ्यांवर आइस हॉकी खेळतात, कॅनडाची मोठी प्लेअर हेली विकनहायझर २०१८ च्या जानेवारीत सामान घेऊन तिकडे गेली होती आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात त्या मुली कॅल्गरीला तिच्या टूर्नामेंटला आल्या. २०२५ ला आपल्या मुलींनी आशिया कपात ब्राँझ आणलं. पेपरात कुठे आतल्या पानावर आलं असेल, मी काही टोमणा मारत नाहीये.

बापूदादाचं सांगायचं राहिलं. तो घशाच्या कॅन्सरने गेला. शेवटी बोलता येत नव्हतं, पाटीवर लिहायचा, आणि मी फोनवरून काय सांगितलं की पाटीवर लिहून कॅमेऱ्यासमोर धरायचा. हॉकीच्या लीगची इथे हॉकी फाइट्स कॅन्सर म्हणून मोहीम आहे, १९९८ पासून, फिका जांभळा रंग असतो, लॅव्हेंडर, आणि लोक हातात कार्ड धरून उभे राहतात, त्यावर आपण कोणासाठी लढतोय त्याचं नाव लिहायचं. मागच्या नोव्हेंबरात नातीच्या टीमने पण त्यांच्या साध्या गल्लीतल्या रिंकवर तसं केलं. पोरींनी स्टिकला लॅव्हेंडर टेप गुंडाळली, शेवटचा वीतभर तुकडा नातीने माझ्या काठीला गुंडाळला, चालायच्या काठीला. मला पण कार्ड दिलं. मी मार्कर घेतला आणि सवयीने मराठीतच लिहिलं, बापूदादा, मोठ्या अक्षरात, फळ्यावर लिहिते तसं. कोचने विचारलं हे काय लिहिलंय, नातीने वाचून दाखवलं, त्याने दोनदा म्हणून बघितलं, बापुडाडा, बापुडाडा, आणि मग मॅचच्या आधी सगळ्यांची नावं माइकवरून वाचली तेव्हा अगदी नीट म्हणाला, त्याला दा जमला. नातीची टीम ३-१ हरली. टेप अजून आहे काठीला, कडा सुटायला लागल्यात.

पत्र फार लांबलं, तुम्ही कापाल हे माहिती आहे, नायगाऱ्याचं वाक्य कापलंत तरी चालेल. फक्त एवढं नक्की छापा की जे कोणी डिसेंबरात मुलांकडे येणार असतील त्यांनी बॅगेत एक सॉफ्ट टॉय टाकावं, नवीन, फार मोठं नको. तेवीस किलोत बसत नसेल तर बाकरवडीचं एक पाकीट कमी करा, इथे सगळं मिळतं. आणि प्लॅस्टिकच्या पिशवीला गाठ घट्ट मारा, माझ्या हत्तीची जाळीपाशी सुटली होती.

आपली,
खडकीची एक वाचक
(सध्या मुक्काम मिसिसागा, कॅनडा)